माशाला पाजलेलं दूध

मी एकदा एका माशाला दूध पाजलं.

एकदा म्हणजे एकच दिवस, असं समजून मला माफ करू नका. पोळा झाल्यापासून हस्ताचा पाऊस सरेपर्यंत रोज पाजलं, पितळी लोट्यातून, हात जोडून. हळदकुंकू वाहिलं, लाह्या वाहिल्या, आणि तो आपल्यावर प्रसन्न आहे अशी खात्री पटल्यावर त्याच्याकडं नोकरीसुद्धा मागितली. मासा बिचारा काही बोलला नाही. त्या अवघ्या प्रकरणात शहाण्यासारखा वागला तो एकटाच.

यंदा हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, चांगला बरसलाय. दुकानाच्या ओट्यावर बसलं की ओढ्याचा आवाज इथपर्यंत येतो. आषाढात हाच ओढा धिंगाणा घालतो, बाभळी उपटून आणतो. पण हस्तात त्याचा आवाज बदलतो, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा तो घशातल्या घशात बोलत राहतो. पाणी निवळतं. तळातले खडे मोजता येतील इतकं निवळतं. बांधाबांधाला तरवड पिवळाधमक होतो, मुगाची खळी झाडून झालेली असतात आणि त्यांच्या भुसकटाचा गोडसर वास गावावर पसरून राहतो. तिळाची बोंडं उकलायच्या बेतात असतात. चतुर किडे ओढ्यावर असे थांबतात, जणू कुणीतरी त्यांना हवेत खुंटीला टांगलंय. सगळ्यांना हा हंगाम सुखाचा वाटतो. मला हा हंगाम आला की पायाच्या अंगठ्यापासून गार वाटायला लागतं. निवळ पाण्यावर माझा विश्वास नाही. गढूळ पाण्यात निदान आपल्याला दिसत नाही हे आपल्याला माहीत असतं.

आमचं गाव चारठाण्याच्या बाजूला, पायी जाऊन यायच्या अंतरावर. ओढा पुढं कुठंतरी पूर्णेला मिळतो. आमचं घर लिंगायत वाण्याचं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे आणि दुकानात हिंगापासून दोरखंडापर्यंत सगळं. मासा हा आमच्या घरात विषयच नव्हता. मांजरसुद्धा आमच्याकडं ताक-भाकरी खायचं. मी मासा पाहिला होता तो चित्रात. एक मत्स्यावताराच्या तसबिरीत, त्याच्या तोंडातून मुकुटासकट भगवंत वर आलेले. दुसरा उर्दूच्या पहिल्या पुस्तकात, मीम अक्षरासमोर, गुबगुबीत, गालात हसणारा. त्यामुळं मासा म्हणजे बुटका, गोल आणि स्वभावानं आनंदी, अशी माझी पक्की समजूत. एवढ्या तयारीवर मी एका जिवाची ओळख पटवायला निघालो होतो.

तो निजामी राज्याचा शेवटचा काळ. शेवटचा आहे हे आम्हाला अर्थातच ठाऊक नव्हतं. मी आणि रंगनाथ तालुक्याच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, बरोबर शिकलो. रंगनाथ आमच्याच गावचा, मराठ्याचा, खात्यापित्या शेतकरी घरातला. तालुक्याला एका खोलीत आम्ही राहायचो, एका चुलीवर स्वयंपाक करायचो, आणि माझ्या गळ्यातल्या लिंगाची मर्यादा म्हणून त्यानं त्या खोलीत कधी मटण-मासा आणला नाही. मी काही न म्हणताच आणला नाही. एकदा त्याचा मामा डब्यात काहीतरी घेऊन आला, तर यानं मामाला बाहेर लिंबाखाली बसवून जेवू घातलं आणि हात धुऊन मगच खोलीत घेतलं. माणूस ओळखायला मला तेवढं पुरेसं वाटलं. आता वाटतं, तेवढंच जरा जास्त झालं.

शिकून आम्ही गावी परत आलो आणि कळलं, गावात सरकारी मदरसा निघणार, एक मुदर्रिस, म्हणजे मास्तर, नेमणार. जागा एक, उमेदवार दोन. माझ्या दृष्टीनं ती जागा म्हणजे सुटका होती. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गादीवर बसून जन्मभर घासलेट आणि गूळ एकाच हातानं मोजायचा नाही, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. मला फळ्यावर लिहायचं होतं. पोरांनी आपल्याकडं बघून उभं राहावं असं वाटायचं. लग्न नुकतंच झालेलं. बायको गंगाखेडची, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठची. तिला मी रुबाबात सांगून ठेवलं होतं, मास्तरीणबाई होणार हैस तू.

गावाबाहेर ओढ्याच्या वर महादेवाचं पडकं देऊळ आहे. आम्ही दोघं तिथं गेलो आणि बेल उचलला. आमच्याकडं बेल उचलून बोललं की ते बोलणं उरत नाही, त्याचं बंधन होतं. ठरलं असं, की तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले की दोघांनी बरोबर जायचं, बरोबर अर्ज ठेवायचे. साहेब ज्याला घेतील त्याला घेतील, दुसऱ्यानं हसत घरी यायचं. "आपल्यात वाकडं येऊ न्हाई वैजू," रंगनाथ म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. माझेही डोळे भरून आले. बेलाच्या पानावर पावसाचं पाणी होतं ते माझ्या मनगटावरून आत कोपरापर्यंत ओघळलं, ते मला अजून आठवतं. बाकी शपथेचे शब्द विसरलो.

आणि उतरताना ओढ्यात ते दिसलं.

पूर ओसरल्यावर उंबराच्या मुळाशी एक डबकं मागं राहिलं होतं. त्यात ते फिरत होतं. हातभराहून बरंच लांब. मनगटाएवढं जाड, अंगावर पिवळट-काळे ठिपके, आणि अंग असं की पाणी कुठं संपतं आणि ते कुठं सुरू होतं, कळू नये. मी आधी उडी मारून मागं सरलो. मग नीट बघितलं. डोक्याच्या मागं दोन्ही बाजूंना लहान लहान पाकळ्या होत्या, त्या उघडमीट करत होत्या. आणि पाठीवरून शेपटीपर्यंत एक झालर, पाण्यात हलणारी.

"रंग्या, साप!"

रंगनाथ पुढं वाकला. त्याच्या मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि ते मला भक्तीनं आलेलं थरथरणं वाटलं.

"साधा न्हाई," तो हळूच म्हणाला.

"ह्या पाकळ्या कशाच्या?"

"तुला काय वाटतं?"

"फडा तर नव्हं?" मी म्हणालो. "पुरता काढलेला न्हाई, पर हाय."

"बराबर."

"आन् ही झालर?"

रंगनाथनं दीर्घ श्वास घेतला. "वैजू, नाग लय जुना झाला की त्याला केस येत्यात. ऐकलं न्हाईस का?"

ऐकलं होतं. लहानपणापासून ऐकलं होतं. पडक्या देवळातल्या धनाचा राखणदार, केसाळ, म्हातारा, शंकराच्या गळ्यातून उतरून आलेला. आमच्याकडं प्रत्येक पडक्या देवळाला असा एक धनी असतोच. आता तो माझ्या पायापाशी, उंबराखाली, नेमका बेल उचलल्याच्या दिवशी! मी तिथंच चिखलात गुडघे टेकले. कपाळावरचं भस्म डबक्यात उतरलं.

रंगनाथनं डोक्याचा पटका सोडला, ओला केला आणि त्या बुळबुळीत जिवाला असं गुंडाळून उचललं, की त्याच्या धाडसानं माझा जीव गलबलला. नागाला हात घालायचा, तोही माझ्यासाठी! देवळाच्या मागं पायऱ्यांचं एक छोटं दगडी कुंड आहे, त्यात झऱ्याचं पाणी साठतं. पावसाळ्यात झुडपं माजलेली असल्यानं तिकडं कुणी फिरकत नाही. आम्ही त्याला तिथं सोडलं.

"कुनाला बोलायचं न्हाई," रंगनाथनं बजावलं. "दिसला म्हनून सांगितलं की धनी जागा सोडतो. तू वाण्याचा, सोवळ्यातला. सेवा तूच कर."

साप असता तर तो पायऱ्या चढून पहिल्याच दिवशी निघून गेला असता, हा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आला नाही. तो थांबला याचं श्रेय मी माझ्या भक्तीला दिलं.

त्या दिवसांच्या सकाळी आजही माझ्या अंगावर येतात. दवानं भिजलेलं गवत, कुर्डूचे गुलाबी तुरे, कोळ्याची जाळी तोंडावर येऊन फुटणारी. कुंडातल्या दगडांवर मखमलीसारखं शेवाळ, त्यावरून पाय घसरू नये म्हणून मी बसत बसत उतरायचो. दूध ओतलं की पाण्यात एक पांढरा ढग तयार व्हायचा आणि सावकाश विरून जायचा. त्या ढगाखालून तो यायचा. यायचा म्हणजे दगडाच्या फटीतून अर्धा बाहेर, आणि त्याचे ते बारीक डोळे माझ्याकडं. मी त्याला सगळं सांगायचो. अप्पांचा स्वभाव, मदरसा, फळा. माणसाचं इतकं शांतपणे ऐकून घेणारं मला त्यानंतर कुणी भेटलं नाही.

पण तो दूध पीत नव्हता, लाह्यांना तोंड लावत नव्हता. मी कासावीस. रंगनाथला सांगितलं.

"त्याला गांडुळं लागत्यात," रंगनाथ म्हणाला.

"देवाला?"

"देवाचा नैवेद काय आपन ठरवायचा का?"

हे मला पटलं. इतकं पटलं की मी, सात पिढ्यांचा लिंगायत, मुंगी मेली तरी पाय धुणाऱ्या घरातला, परसात बसून गांडुळं उकरायला लागलो. डोळे मिटून, मंत्र म्हणत, केळीच्या पानात ती वळवळ गोळा करून देवळात न्यायचो. धनी ती झडप घालून खायचा. त्याची कांती सुधारली, पोट भरलं. रंगनाथ अधूनमधून यायचा, काठावर उभा राहून कौतुकानं बघायचा आणि म्हणायचा, "अंग धरायलाय बरं का."

एका सकाळी गिरजानं मला परसात धरलं. गिरजा म्हणजे माझी बायको. मातीनं भरलेले हात आणि केळीच्या पानातला प्रकार बघून तिनं कपाळाला हात लावला. मग मला बोलावंच लागलं. शपथ घालून तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती; पाकळ्यांपाशी आल्यावर तिनं विचारलं, "पाण्यातच ऱ्हातंय का ते?"

"हो."

"आमच्या गंगंत निघतंय आसलं लांबडं. भोई लोक खात्यात."

माझं रक्त उसळलं. देवाला खातात म्हणे! मी तिला गप्प केलं, वर असंही सांगितलं की रंगनाथनं डोळ्यानं बघितलंय आणि रंगनाथला कळतं. ती पदर खोचून आत गेली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी कुंड रिकामं होतं.

मी फटीफटीत हात घातले. दूध ओतलं, गांडुळं ओतली, नाक घासलं. काही नाही. पाणी असं निवळ, की तळाला पडलेली माझीच हळद दिसत होती. धनी जागा सोडून गेला होता, आणि का गेला हे मला लख्ख कळलं: मी बोललो म्हणून. बायकोनं त्याला भोयांच्या ताटात बसवलं म्हणून. मी तिथंच पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो. ठरवलं, धनी परत दिसल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, हलायचं नाही.

सूर्य वर चढल्यावर झुडपं बाजूला सारत गिरजा आली.

"आमराईत सायबाचा डेरा पडलाय. रंगनाथ भावजी सकाळधरनंच तिकडं गेल्यात. आन् तुमी हितं काय करायलाव?"

"तो माझ्याबिगर जायचा न्हाई," मी म्हणालो. "आमी बेल उचललाय."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं उंबराखाली मी त्या डबक्याकडं बघितलं असेल. म्हणाली, "उठा."

ओल्या धोतरानं, कपाळाला हळदीचे डाग, अशा अवतारात मी आमराईत पोचलो. साहेबांचं जेवण नुकतंच झालेलं. ते हात धूत होते. हैदराबादेकडचे, सभ्य, हसतमुख गृहस्थ. तंबूच्या दोरापाशी रंगनाथ उभा होता, धुतलेला सदरा, नवी टोपी. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. दोर किती ताणलाय ते तो बोटानं तपासत राहिला.

"आओ मियाँ, तुम भी उम्मीदवार?" साहेब म्हणाले. "देर कर दी. हुक्म तो सुबह हो गया." रंगनाथच्या नावावर झालं होतं. मग माझ्या धोतराकडं बघून त्यांनी विचारलं, "भीग कैसे गए?"

मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. तोडक्यामोडक्या उर्दूत सांगितलं, की कुंडात नागदेवता होते, केसवाले, ते माझ्या चुकीमुळं गेले. साहेब ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं. त्यांनी रंगनाथकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खानसाम्याला हाक मारली. तो एक झाकलेली रकाबी घेऊन आला. आत डोकं होतं.

"ये सांप नहीं मियाँ. बाम है, मछली." साहेबांनी काडीनं ती पाकळी उचलली. माझा फडा. "ये इसका पंख. और ये देखो, गलफड़ा. सांप को गलफड़ा होता क्या?" गलफडा म्हणजे माशाचा कल्ला. ते चेष्टा करत नव्हते. मास्तर पोराला दाखवतो तसं समजावून दाखवत होते. त्या जागेवर मी बसणार होतो, हे त्यांच्या लक्षात नसावं. म्हणाले, ही समुद्रातून येते, बोटाएवढी असताना नद्या-ओढे चढत चढत इतकी दूर येते, वर्षानुवर्षं राहते आणि भरली की पावसाच्या शेवटच्या पाण्याबरोबर परत समुद्राला निघते, अंडी घालायला. "रस्ते में थी बेचारी," ते म्हणाले. मग खुशीत येऊन पुढं बोलले, "मगर क्या पली हुई थी! आप के दोस्त ने बड़ी मेहनत की."

बारीक डोळे उघडेच होते. अजून ऐकून घेतल्यासारखे.

वाम. आमच्याकडं तिला वाम म्हणतात, हे मला त्या रकाबीपाशी कळलं. गावात निम्म्या घरांना माहीत होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं; ज्याला विचारलं त्याला सगळ्यांत आधी माहीत होतं.

नोकरी गेली त्याचं दुःख मी पुष्कळ केलं, पण खरं सांगतो, ते दुःख ठरावीक वेळात संपलं. कदाचित वाम नसती तरी जागा त्यालाच मिळाली असती. त्याचं उर्दू माझ्यापेक्षा सफाईदार होतं. संपलं नाही ते वेगळंच. फसवायचंच होतं तर ‘साप आहे, लांब हो’ एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानं केस आणले, धनी आणला, मौन आणलं. एका खोलीत राहून, एका चुलीवर शिजवून माझ्याबद्दल जे जे त्याला कळलं होतं, ते सगळं त्यानं त्यात वापरलं. दुसऱ्या कुणालाही ती थाप बसली नसती. ती माझ्याच मापानं बेतलेली होती. परक्याला इतकं नीट फसवता येत नाही. आणि गांडुळं! ज्यानं मामाला लिंबाखाली बसवलं, त्यानंच मला गांडुळं उकरायला लावली. अजून हस्तातली भिजलेली माती बोटांना लागली की मी हात धोतराला पुसतो आणि कुणी बघितलं नाही ना ते बघतो.

पुढं राज्य गेलं. निजाम गेला, रंगनाथ राहिला. उर्दूचा मदरसा मराठी शाळा झाला, मुदर्रिसचे गुरुजी झाले. माझी पोरं त्याच्याच हाताखाली शिकली, त्याला बघून उभी राहिली. मी गादीवर बसलो, घासलेट आणि गूळ मोजला. येलदरीला धरण झालं. आता म्हणतात, समुद्राकडून वाम वर चढूच शकत नाही, मधे भिंत आहे. ऐकून मला बरं वाटावं की वाईट, हे ठरवता आलं नाही. कुंडही गाळानं भरलंय.

गुरुजी निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी दुकानात येतात. माझ्या शेजारी पोत्यावर बसतात, माझा पेपर वाचतात, माझा चहा पितात. आम्ही पाऊसपाणी बोलतो, नातवंडं बोलतो. ते एक कधी बोललो नाही.

काल बोललो. रंगनाथ बशीतला चहा फुंकत ओढ्याचा आवाज ऐकत होता. म्हणाला, "हत्ती लय पडला औंदा. पैलं आसतं तर वाम उतरली आसती."

इतक्या वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला, तोही असा, भाव विचारल्यासारखा. मी तागडीच्या दोऱ्या सारख्या करत बसलो. मग विचारलं, "रंग्या, पैल्याच दिवशी वळखलं व्हतंस का?"

"वळखलं व्हतं."

"उंबराखालीच?"

"उंबराखालीच."

"मग केस कुठनं आनलेस?"

त्यानं बशी खाली ठेवली. "झालर तूच म्हनलास, फडा बी तूच म्हनलास. मी निसता हो म्हनलो."

मी वाट बघितली. वाटलं, आता पुढं काहीतरी येईल. चुकलं म्हणेल, निदान खाली बघेल. ओढा बोलत होता. रंगनाथनं पेपरची घडी घातली, काठी उचलली, ओट्यावरून उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि मी तो दिला.

"येतो उद्या," तो म्हणाला. "च्यात जरा आलं घालाय सांग."

तो वळणापलीकडं जाईपर्यंत मी बघत राहिलो. मागं दारात गिरजा उभी होती. कधीपासून होती कुणास ठाऊक. रिकामी कपबशी उचलत म्हणाली,

"माशाला दूध पाजलंत ते पाजलंत. आता ह्याला रोज च्या पाजायलाव, आन् आजून बी वाट बघायलाव, कवा परसन्न होतोय म्हनून."